रोज अकरा थेंब

मुलीनं पहिल्या बोनसमधून कॉफीचं मशीन आणलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं. पण सकाळी सात ते सव्वासात आम्ही दोघं ओट्याशी उभं राहून तिनं केलेली कॉफी प्यायला लागलो. दिवसभरात आमचं नीट बोलणं व्हायचं ते या पंधरा मिनिटांत. त्यामुळे एका सकाळी ती म्हणाली, की दोन मैत्रिणींबरोबर अंधेरीत खोली घ्यायचा विचार आहे, अजून ठरलेलं नाही, तेव्हा मी वरवर "बघ" म्हणालो. तिनं जाऊ नये असं मला वाटत होतं, ते बोललो नाही.

त्याच आठवड्यात मशीन गळायला लागलं. दुधाला फेस आणण्यासाठी त्याच्या बाजूला एक बारीक स्टीलची नळी असते. वरचा नॉब उघडला की तिच्यातून वाफ येते, बंद केला की थांबायला हवी. आमची पूर्ण थांबत नव्हती. नळीच्या टोकाशी पाणी जमायचं आणि थेंब खालच्या ट्रेमध्ये पडायचा.

मी एका औषध कंपनीच्या गोदामात साठा तपासतो. कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय मला कळत नाही. मशीन तापल्यावर दहा मिनिटांनी, नॉब बंद असताना, एका मिनिटात किती थेंब पडतात ते घड्याळ लावून मोजलं आणि वहीत लिहिलं. पहिल्या दिवशी तीन. आठवड्यानं सहा. आत क्षार साचला असेल म्हणून लिंबूसताचं पाणी फिरवलं. आठ. नळीचं टोक काढून भोकं टाचणीनं साफ केली. दहा.

"तू नॉब नीट बंद करत नाहीस," मी मुलीला म्हणालो.

"करते, बाबा."

"मग गळतं कसं?"

"मला काय माहीत? मशीनला विचारा."

मग भावाच्या घराचं छप्पर दुरुस्त करायचं होतं म्हणून मी सहा दिवस गावी गेलो. जाताना तिला वही दिली आणि रोज मोजायला सांगितलं. परत आलो तर तिच्या अक्षरात सहा ओळी होत्या. सहाही दिवस अकरा.

गोदामात एखाद्या रकान्यात रोज तोच आकडा दिसला, की माणसानं कपाटाकडे न जाता खुर्चीत बसून लिहिलंय हे मी ओळखतो आणि लाल पेनानं खूण करतो. तशी खूण मी त्या सहा ओळींपुढे केली.

"रोज अकरा कसे येतील गं?"

"आले."

"माझे आकडे बदलत होते. मी गावी गेलो आणि थेंबांना शिस्त लागली?"

"म्हणजे मी खोटं लिहिलं?"

"न मोजता लिहिलंस, एवढंच म्हणतोय."

तिनं वही हातात घेतली, लाल खूण पाहिली आणि वही होती तिथे परत ठेवली. दुसऱ्या दिवसापासून ती ऑफिसातच कॉफी प्यायला लागली. चार दिवसांनी बायकोकडून कळलं, की तिनं खोलीला हो म्हटलंय, एक तारखेपासून.

"घरात आता एक माणूस कमी," बायको म्हणाली. "तेही लिहून ठेवा वहीत."

मी मोजत राहिलो. मशीन आता मीच चालवत होतो. तेरा. सोळा. एकोणीस. मुलगी नॉबला हातही लावत नव्हती, तरी आकडा चढत होता. हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं. मला वाटलं, तिनं आधी केलेली खराबी आता वाढतेय.

शनिवारी मशीन मांडीवर घेऊन रिक्षानं साकीनाक्याला गेलो. तिथे एक माणूस हॉटेलांची कॉफी मशीनं दुरुस्त करतो. त्यानं नॉबखालचा व्हॉल्व खोलून मसुरीच्या दाण्याएवढा काळा रबरी वॉशर काढला. त्यावर गोल खोल चर पडला होता.

"एवढं कोण पिळतं?"

"मुलगी," मी म्हणालो.

त्यानं नवा वॉशर बसवला आणि नॉब माझ्यापुढे केला. "घरी करता तसा बंद करा."

मी केला. तो माझ्या हाताकडे बघत होता.

"मुलगी नाय काका, तुम्ही. हा काय नळ आहे? दोन बोटांनी, वाफ थांबेपर्यंत, बस. पिळलं की रबर कापतं, कापलं की गळतं, गळलं की तुम्ही अजून पिळणार."

लहानपणी घाटकोपरच्या डोंगरावरच्या आमच्या चाळीत पाणी दिवसातून तासभरच यायचं. नळ टपकताना दिसला की वडील आधी माझ्या पाठीत धपाटा घालायचे आणि मग नळ बंद करायचे. आजही घराबाहेर पडण्याआधी मी पाचही नळ तळव्यावर वळ उठेपर्यंत आवळतो. सहावा हा नॉब. तिनं बंद केल्यावरही मी तो रोज पुन्हा पिळत होतो. सहा दिवस मी गावी होतो, कोणी पिळला नाही, म्हणून आकडा अकरावर थांबला. तिनं रोज मोजलं होतं.

घरी आलो तेव्हा ती पुस्तकं खोक्यात भरत होती. मी जुना वॉशर तिच्यापुढे ठेवला आणि जे झालं ते सांगितलं.

"तुझे आकडे बरोबर होते."

"मला माहितीये, बाबा."

"ती लाल खूण खोडतो."

"नका. अजून गिचमिड होईल."

"मग आता राहशील?"

तिनं खोक्याला चिकटपट्टी लावली. "वॉशर बदलला म्हणून?" ती म्हणाली. मी वॉशर उचलून खिशात टाकला. मग म्हणाली, "मशीन इथेच ठेवते. तिथे ओट्यावर जागा नाही."

ती गेल्याला तीन आठवडे झाले. सातला मी एक कप कॉफी करतो आणि नॉब दोन बोटांनी बंद करतो. तो बंद झाल्यासारखा वाटत नाही. घड्याळ लावून एक मिनिट बघतो. थेंब पडत नाही. तरी हात पुन्हा नॉबकडे जातो, आणि तो मला दुसऱ्या हातानं धरून ठेवावा लागतो.