चेपलेली नळी

उस्तादांनी आयुष्यात काट्याच्या पान्याला हात लावला नव्हता. पिनियनचा, म्हणजे इंजिनाचा जोर चाकांकडे नेणाऱ्या दातेरी दांड्याचा, नट किती आवळायचा ते बाकीचे मिस्त्री काट्यावर बघत. हे गृहस्थ दोन बोटांनी पिनियन फिरवून पाहायचे आणि "बास" म्हणायचे. मग गॅरेजचा मालकही गप्प बसायचा. चाळीस वर्षांत त्यांनी बसवलेला एकही अ‍ॅक्सल परत आला नाही. हे ते स्वतःच सांगायचे, आणि कुणी न विचारता सांगायचे, ही गोष्ट वेगळी.

आता काम घरचं होतं. लेक गुरांची डॉक्टर. डोंगरावरच्या वस्त्यांवर जाताना ओढ्यात तिच्या जीपचं एक चाक हवेत गेलं की तेच गरगरत राहायचं, जमिनीवरचं ढिम्म हलायचं नाही. म्हणून मागच्या अ‍ॅक्सलमध्ये लॉकर बसवायचा, म्हणजे दोन्ही चाकं बरोबर फिरतील. आणि चढाला जोर मिळावा म्हणून गिअरही नवे. "गाडी बाहेर कुठे द्यायची नाही," उस्तादांनी बजावलं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जीप ठोकळ्यांवर चढली. लेकीने हौसेने सुट्टी काढली.

दोन दिवस झकास गेले. तिसऱ्या दिवशी पिनियनची पाळी आली. त्याच्या दोन बेअरिंगांच्या मध्ये एक पातळ पोलादी नळी असते. नट आवळला की ती चेपते, आणि जितकी चेपेल तितकी बेअरिंगं घट्ट. जास्त चेपली तर नट सैल करून भागत नाही, नळीच नवी घालावी लागते. उस्तादांनी नट आवळला, बोटांनी फिरवून पाहिलं. सैल वाटलं. पुन्हा आवळला, पुन्हा सैलच. तिसऱ्यांदा त्यांनी पान्याला पाइप लावून सगळं अंग टाकलं.

लेकीने सहज फिरवून पाहिलं. "बाबा, हे फार जड फिरतंय."

"तू म्हशी तपास. हे माझ्यावर सोड."

तिने गॅरेजातून काट्याचा पाना मागून आणला आणि तो लावून पिनियन फिरवला. काटा हव्या त्या आकड्याच्या दुप्पट गेला.

उस्ताद बघतच राहिले. नट पाव फेरा मागे घेतला असता तर काटा निमूट खाली आला असता आणि कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण तोच सैल नट कधीतरी घाटात दगा देणार, आणि तेव्हा गाडीत पोर एकटी असणार. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"नळी गेली," ते म्हणाले. "वर्ष झालं, बोटांना कळत नाही काही. साखरेने असेल. चहा गरम आहे की नाही तेही वाफ बघून ठरवतो."

लेकीला रडू आलं आणि रागही आला. "आणि मी रोज जनावरांचे पाय चाचपत फिरते! मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर गाडी बाहेर दिली असतीस."

तिने नव्या नळीसाठी फोन लावला.

नवी नळी दोन दिवसांनी आली. या वेळी नट लेकीने आवळला, थोडा थोडा, मध्ये थांबून काट्याच्या पान्याने पिनियन फिरवून बघत. उस्ताद स्टुलावर बसून काटा वाचत होते. तो जागेवर आला तसा त्यांनी पाना काढायला लावला.

"आता हाताने फिरव. कसं वाटतं, सांग मला."

तिने फिरवलं. "अडत नाही कुठे. पण मोकळंही नाही. कुणीतरी पलीकडून हलकेच धरून ठेवल्यासारखं."

उस्तादांनी डोळे मिटून ऐकलं.

"आणखी एकदा सांग," ते म्हणाले.