नांगी मोडलेला नर

रत्नागिरीकडून लग्न होऊन इकडे तापीकाठी फोपनारला आले, तेव्हा मला एकच काम बिनचूक यायचं: बिळात हात घालून खेकडा काढणं. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. त्यामुळे कॉलेजच्या मॅडम आमच्या केळीच्या मळ्यात खेकडे शोधायला आल्या, तेव्हा सासूबाईंनी मलाच पुढे केलं.

"हिले विचारा. कोकनातली हाय. शाळा नाई शिकली, पन खेकड्यातली मास्तरीन हाय."

मॅडमनी समजावलं. तापीकाठच्या एका खेकड्याला फार पूर्वी नाव दिलंय. पण ज्या खेकड्यावरून दिलं, तो नमुनाच हरवलाय. आता ते नाव नेमकं कोणत्या जातीचं, यावर वाद आहे. इथलाच पूर्ण वाढलेला नर मिळाला, तर त्या नावाचा नवा नमुना म्हणून तो संग्रहालयात कायमचा ठेवता येईल. त्यांची गाडी दुपारची, आणि सकाळपासून निघत होत्या सगळ्या माद्या.

पाटाच्या टोकाच्या बिळात हात घातला नि बोटांना जाड कवच लागलं. काढला, उताणा केला. पोटावरची झडप अरुंद. नर! "मिळाला, मिळाला!" म्हणून ओरडलेच. आणि त्याच भरात मी त्याची मोठी नांगी कटकन मोडली. आईने लावलेली सवय. नाहीतर टोपलीत ते एकमेकांना फाडतात.

मॅडमना तर नमुना धडधाकट हवा होता.

"झालं," सासूबाई म्हणाल्या, "आता रस्साच कर त्याचा."

मी खेकडा मॅडमपुढे धरला. "मॅडम, चुकलं. सवयीनं झालं."

त्यांनी चिमट्याने झडप उचलली, भिंग धरलं. तिच्याखाली काड्यांसारखे दोन अवयव असतात. नराची जात मुख्यतः त्यांवरून ओळखतात.

"शाबूत आहेत," त्या म्हणाल्या. "चालेल हा. नांगी कुठाय?"

मी चिखलात गुडघे टेकून शोधली. खेकड्यासोबत तीही मॅडमच्या स्पिरिटच्या बाटलीत गेली.

मग त्यांनी चिठ्ठी नि पेन्सिल पुढे केली. स्पिरिटमध्ये शाई पुसते म्हणे. "पकडणाऱ्याचं नाव असतं यावर. तुम्हीच लिहा."

किती वर्षांनी पेन्सिल धरली. अक्षर वाकडंतिकडं, पण आलं.

"नांगी सुनेनं मोडली, तेबी लिवा," सासूबाई म्हणाल्या.

"लिहावंच लागतं," मॅडम म्हणाल्या.

मग तेही मीच लिहिलं, नावाच्या खाली: उजवी नांगी पकडताना मोडली.