पहिला डोंगा

माझं लग्न नव्व्याण्णव साली झालं. सासरी आल्यावर पहिली गंमत पाहिली ती रेडिओची. पावसाळ्यात संध्याकाळच्या बातम्या संपल्या की हवामान यायचं, आणि बातम्या देणारी बाई पुन्हा पुन्हा तेच सांगायची : समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. आमचं गाव सडक अर्जुनीपासून आत, रानाला लागून. समुद्र घरातल्या कोणीच डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. पण आम्ही ढिवर, तलावातले मासे काढून पोट भरणारे. मच्छीमार हा शब्द आला की अख्खं घर कान टवकारायचं.

माझे धाकटे दीर तर खाटेवर उठूनच बसायचे.

"ऐकलं ना बाबा? मच्छीमारानं जाऊ नये म्हणते. मी उद्या नाही येत जाळ्यावर."

"अरे गा, ते समुद्राचं हाय," सासरे म्हणायचे.

"मंग मी काय मच्छीमार नाही? सरकारचं ऐका लागते बाबा."

आणि दुसऱ्या दिवशी खरंच उन्हं वर येईपर्यंत घोरत पडायचे. सासऱ्यांची गंमत वेगळी. रेडिओवर मुंबईच्या भरतीची वेळ सांगितली की ते तंबाखू मळत म्हणायचे, "आपल्या तलावाले भरती वर्षातून एकडाव, पावसाळ्यात. अन् ओहोटी, धानाले पाणी सोडलं का." हे ते रोज म्हणायचे आणि रोज स्वतःच हसायचे. मीही हसायची, नवी सून होती ना.

मात्र एका गोष्टीवर मला हसू येत नसे. लोकांना वाटतं, तलाव म्हणजे काय, साचलेलं पाणी, त्याला कसल्या लाटा! आमचा तलाव कोहळ्यांच्या, म्हणजे इकडच्या तलाव बांधणाऱ्या जातीच्या, वाडवडिलांनी बांधलेला, मोठा. बांधावर उभं राहिलं तर पलीकडची झाडं नुसती काळी रेघ दिसतात. आणि डोंगा म्हणजे पोखरलेला झाडाचा बुंधा, धड बसायला जागा नाही, कोणी जोरात शिंकलं तरी डुलतो. अहो, वाऱ्याला काय माहीत, खाली समुद्र आहे की तलाव?

माझा मोठा भाऊ असाच गेला. माहेर नदीकाठचं. तो डोंग्यानं लोकांना पार करायचा. भादव्यातली सकाळ होती, ऊन पडलेलं, आई धान वाळत घालत होती. दुपारी वारा सुटला आणि तो मधोमध सापडला. डोंगा मिळाला खालच्या गावाला, भाऊ त्याच्याही खाली मिळाला. आई वर्षभर सांगत राहिली, "सकाळी तं ऊन होतं वो, सकाळी तं ऊन होतं."

सासरी दोन-तीन पावसाळे गेल्यावर माझ्या एक गोष्ट लक्षात आली, आणि ती आली दिरांच्या आळसामुळे. मुंबई-रत्नागिरीच्या नावावर ते सुटी घ्यायचे त्या दिवशी आमच्याकडे पानही हलत नसे. पण ज्या वेळी बाई ओरिसाच्या किनाऱ्याचं नाव घ्यायची, बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा वगैरे म्हणायची, त्याच्या दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी आमच्या तलावावर हमखास काहीतरी व्हायचं. कधी नुसतीच झड लागायची, कधी असा वारा की बांधावरचे पळस वाकायचे. ओरिसाहून निघालेलं ते सारं छत्तीसगडावरून, सालेकशाच्या रानावरून, थेट आमच्याकडे चालत यायचं. मग मला भाऊ गेला त्याच्या आदल्या दोन दिवसांतला रेडिओ आठवला. माहेरी बाबा ऐकत बसले होते आणि त्यात ओरिसा होतं. मला खात्रीनं आठवलं. त्या दिवशी चुलीवरची भाजी करपली तरी मी उठली नाही.

नवऱ्याला सांगितलं. (लिहिताना मी त्याला 'तो' म्हणते, तोंडावर 'तुमी'च.) तो जाळं शिवत होता. मान वर न करता म्हणाला, "ओरिसा कोठी, आपून कोठी? येडी का काय तू?"

"येडीच समजा. पण त्या दिवशी तलावात जाऊ नका."

"अन् खावाचं काय? रेडिओ?"

आता आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. सकाळी सगळे डोंगे बांधाशी तयार असले तरी पहिला डोंगा आमच्याच घरचा सुटतो. का, ते कोणाला माहीत नाही. पूर्वीपासून आहे. पहिला डोंगा पाण्यात शिरला नाही तोवर दुसरा कोणी वल्हं मारत नाही. म्हणजे आमचा एक डोंगा थांबला तर अख्खा तलाव थांबतो. हे डोक्यात आलं तसं मी ठरवलंच. गावाला शहाणं करायला मी कुठं जाऊ? मला एकच डोंगा अडवायचा होता, आणि त्यात बसणारा एकच माणूस. बाकीचे आपोआप वाचले असते तर वाचोत.

पहिल्या खेपेला मी सासऱ्यांना धरलं. त्यांचा माझ्यावर जीव होता. ओरिसाचं नाव आलं, दुसऱ्या दिवशी बाजार, मासे घ्यायला गोंदियाहून व्यापाऱ्याची गाडी येणार होती. तरी मी त्यांच्या पायाशी बसून भावाचं सगळं सांगितलं. सकाळी ते बांधावर जाऊन म्हणाले, "आज आपला डोंगा नाही सुटत."

आणि काय सांगू, तो दिवस! असं लखलखीत ऊन की तलावाच्या शांत पाण्यात एक ढगसुद्धा दिसेना. वारा नाही, पाऊस नाही. माणसं बांधावर बसून माझ्या घराकडं बघत होती. संध्याकाळी व्यापाऱ्याची गाडी नुसताच बर्फ घेऊन परतली. जाता जाता तो ओरडला, "क्या भाई, समंदर में तूफान आया था क्या?" सगळा बांध हसला. सासरेही खाली मान घालून हसले, ते मला जास्त लागलं.

वादळ भलतीकडंच वळलं होतं, हे नंतर रेडिओनंच सांगितलं. पण तोवर माझं नाव हवामानवाली पडलं होतं. विहिरीवर गेली की बाया विचारायच्या, "काय वो हवामानवाली, कपडे वाळू घालावं का नाही?" नवऱ्यानं बोलणं टाकलं. जेवताना ताट सरकवायचा, बस. मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो वादळाचा आला. मेल्या, यायचंच होतं तर तेव्हा का नाही आलास?

पण मग मनात आलं, समुद्रावरच्या लोकांना काय दर वेळी वादळ भेटतं? तेही घरी बसून चरफडतच असतील. फरक एवढाच, की ते रेडिओला शिव्या देतात आणि इथं रेडिओ म्हणजे मी. दिल्या तर दिल्या. शिव्यांनी अंगाला भोकं पडत नाहीत. पुन्हा ओरिसाचं नाव आलं की पुन्हा अडवीन, हे मी चुलीपुढं बसून पक्कं केलं.

पुढच्या पावसाळ्यात, पोळा होऊन गेल्यावर, ते नाव आलं. बाईनं दोनदा सांगितलं. मी सासऱ्यांकडं पाहिलं. ते म्हणाले, "सूनबाई, आता मी नाही बोलत. मागच्या डावी लय हसले लोक." दीरसुद्धा म्हणाले, "वहिनी, मी उद्या जाऊन राहिलो. मले आता सारे तुमचा चेला म्हणतेत."

दुसऱ्या दिवशीही ऊनच होतं. नवरा खांद्यावर वल्हं टाकून निघाला तशी मी त्याच्या पुढं निघाली. चिखल तुडवत गेली, आणि खुंटाला बांधलेल्या आमच्या डोंग्यात जाऊन बसली.

आमच्यात बाई डोंग्यात बसत नाही. काठाला झिंगे धरते, बाजारात मासे विकते, पण डोंग्यात नाही. सगळा बांध उठून बघायला लागला.

"उतर," नवरा म्हणाला.

"नाही उतरत."

"कायले इज्जत काढून राहिली माझी? उतर म्हणतो ना!"

"तुमाले जावाचं असंल तं मले घेऊन जा. मले पोहता येत नाही, ठाऊक हाय ना? चला, मारा वल्हं."

तो काय मारणार! मी आत असताना तो डोंगा नेऊ शकत नव्हता, आणि आमचा सुटल्याशिवाय दुसऱ्यांचे सुटत नव्हते. मग सुरू झाला तमाशा. कोणी म्हणे ओढून काढा, कोणी म्हणे अंगात आलं असंल. सासूबाई येऊन बोटं मोडून गेल्या. दीर लांबून म्हणाले, "वहिनी, भूक लागली असंल, या ना घरी." भूक लागलीच होती. ऊन डोक्यावर आलं, मांड्या अवघडल्या, तळाशी साचलेल्या पाण्यात पाय पांढरे पडले. मी डोंग्याच्या दोन्ही कडा धरून बसून होती. मनात एकच चाललं होतं : आजही काही झालं नाही तर नवरा मला माहेरी पाठवील. पाठवू दे. तिथून चालत येऊन पुन्हा बसेन.

दुपार कलली तशी माणसं कंटाळून पांगली. नवरा तेवढा बांधावर बसून राहिला, माझ्याकडं पाठ करून, वल्हं मांडीवर घेऊन.

वारा आला तो बांधाच्या मागून. आधी गार झुळूक आली. मी मनात म्हटलं, बघा, आलं ना! खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. तो आनंद पुरता उमटायच्या आत आभाळ काळं झालं आणि पळसाची एक फांदी माझ्या डोक्यावरून पाण्यात जाऊन पडली. डोंगा ताणला गेला. दिवसभर माझ्या वजनानं हिसके खाऊन खुंट सैल झाला होता. तो ओल्या मातीतून दातासारखा सुटला आणि डोंगा आत निघाला.

माझ्याजवळ वल्हं नव्हतं. मी ओरडली का, आठवत नाही. बांध लांब लांब जाताना दिसला, आणि त्याच्यावर नवरा उभा राहिलेला दिसला. लाट डाव्या बाजूनं आत आली, मग उजव्या. मी आडवी पडून डोंग्याला मिठी मारली. पाऊस असा की माझाच हात मला दिसेना. भाऊ आठवला. त्यालाही असंच दिसलं असेल का सगळं, एवढंच मनात येत राहिलं.

मग डोंग्याला खालून हिसका बसला. नवरा होता. तो पोहत आला होता, डोंग्याचा सुटा दोर कमरेला गुंडाळून. वल्हं कुठं टाकलं देव जाणे. एका हातानं डोंग्याचं टोक ढकलत, नाकातोंडात पाणी जात असताना, त्यानं तो वाऱ्याला आडवा काढत पाणगवताच्या बाजूला नेला. तिथं पाय टेकले तेव्हा पाणी त्याच्या छातीला होतं. त्यानं मला उचलून बाहेर काढलं आणि चिखलात जवळजवळ आपटलंच.

"मेली असती ना आता!" तो ओरडत होता. "मेली असती! मी बांधावर उभा, अन् तू जाऊन राहिली, जाऊन राहिली... मी काय करावं? सांग ना, मी काय करावं होतं?"

माझे दात वाजत होते. तरी म्हटलं. हे म्हणायलाच मी दिवसभर बसली होती, हे मलाही तेव्हाच कळलं.

"मी काय करतो रोज? तुमी जाता, अन् मी बांधावर उभी राहतो. असंच वाटते मले. रोज."

तो माझ्यापुढं चिखलातच बसला. तोंडावरून पाणी वाहत होतं, त्यात पावसाचं किती ते मी विचारलं नाही. वारा पडल्यावर तो उठला आणि त्यानं माझं मनगट धरलं. आमच्या गावात नवरा पुढं चालतो आणि बायको मागं, हात धरून कोणी चालत नाही. माणसं दारादारांत येऊन उभी होती, सासरे ओट्यावर होते. त्यानं कोणाकडं पाहिलं नाही, आणि घर येईपर्यंत माझं मनगट सोडलं नाही.