तीन नंबरवरचं बाळ

मी बटण दाबलं, तीन नंबरचा पडदा काळा झाला आणि तेवढ्यात इद्रिस दोन चहा घेऊन दारात. एक माझ्यासाठी आणलेला! काळा पडदा बघून तो नुसता उभाच राहिला.

बुधवार पेठेत आमचं सायबर कॅफे, म्हणजे तासावर कॉम्प्युटर भाड्याने. मी काउंटरला. नोकरी नवीन, शिक्षण नववीपर्यंत. आपले लोक यायचे ते घाईत. रिझल्ट बघ, पत्रिका जुळव, प्रिंट काढ की पळ. बाहेरदेशची पोरं शिकायला आलेली, त्यांचं वेगळंच. इराणची एक मुलगी घरच्यांशी बोलता बोलता डबा खायची. सुदानचा इद्रिस तर घरच्यांना तिकडचा कॅमेरा लावायला सांगायचा आणि बोलायचाच नाही. बाजूला पुस्तक उघडून वाचत बसायचा.

त्या दिवशी पडद्यावर बाळ झोपलेलं, कापडात गच्च गुंडाळलेलं. मी कितीतरी वेळ बघितलं, हलेचना. माझी पिंकी तर झोपेतपण लाथा झाडते. म्हटलं, हँग झालं. हँग म्हणजे कॉम्प्युटर जागीच थिजतो. मग बंद करून परत चालू करायचा, एवढंच मला शिकवलेलं. तो चहाला गेलाय तोवर करून ठेवू म्हटलं.

हे सांगितलं तर इद्रिस म्हणाला, "दीदी, हँग नहीं था. सो रहा था."

त्याच्या बहिणीचं बाळ ते. भावजींच्या ऑफिसातून दाखवायचे, आणि हा बघेल तेव्हा झोपलेलंच. उद्या सगळे गावी जाणार, तिथे इंटरनेट नाही. आज तरी डोळे उघडतंय का, म्हणून तो सकाळपासून बसलेला.

मालक आतून आले. "अहो ताई, तुमच्याकडे बाळ झोपलं की बंद करून चालू करतात का?"

सगळे हसले. मला रडूच फुटलं. गेली नोकरी, म्हटलं.

कॉम्प्युटर चालू झाला, पण तिकडून कोणी उत्तरच देईना. मालकांनी काउंटरचा फोन पुढे सरकवला. "आयएसडी आहे, परदेशचे मिनिटाला पैसे पडतात, पटकन बोल रे."

इद्रिसने भावजींच्या ऑफिसला फोन लावला. जरा वेळाने चित्र आलं. बाळ टक्क जागं! कापड सुटलेलं, तोंड लाल, भोकाड पसरलेलं. फोनच्या घंटीनेच उठलं होतं. इद्रिस पडद्याला नाक लावून हसत होता, चहा तसाच गार.

मालक म्हणाले, "उठवलंत ना? आता झोपवा."

नोकरी राहिली. तेव्हापासून बटणाला हात लावायच्या आधी मी गिऱ्हाइकाला विचारते. पण तुम्हीच सांगा, इतका वेळ न हलणारं बाळ बघून तुम्ही काय केलं असतं?