डिझेलचा काटा आणि कडुलिंबाची काठी

त्या वर्षीच्या ऑगस्टात आमच्या युनिटची एक तुकडी पूर ड्यूटीवर सोनाळ्याला आली. बत्तीस जवान, दोन बोटी, तीन गाड्या. मुक्काम गावच्या शाळेत. मी हवालदार होतो, व्हेइकल मेकॅनिक. माझं गाव धामणगाव बढे, म्हणजे याच बुलडाणा जिल्ह्यातलं. बावीस वर्षांच्या नोकरीत कुठंकुठं पोस्टिंग झाली, पण स्वतःच्या जिल्ह्यात वर्दीवर यायची ती एकच वेळ.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढं ती नडते. मी बी.ए. आहे. आमच्या घरात माझ्याआधी दहावी ओलांडलेलं कोणी नव्हतं. पदवी मी नोकरीत असतानाच घेतली, बाहेरून परीक्षा देऊन. युनिटमध्ये मला नावानं कोणी हाक मारत नसे, सगळे बी.ए. म्हणत. अर्धे जण चिडवायला म्हणत हे मला माहीत होतं. तरी बरं वाटायचं.

तीन गाड्यांपैकी एक जुनी तीन टनी होती. तिच्या डॅशबोर्डवर पाच मीटर. स्पीडचा काटा वीसवर अडकलेला. गाडी उभी असली तरी वीस, पळत असली तरी वीस. टेंपरेचरचा काटा मेलेला. तो मी तपासला होता. तपासायची रीत सोपी आहे. इंजिनावर एक सेंडर असतो, त्याची वायर काढायची आणि क्षणभर इंजिनाच्या लोखंडाला लावायची. काटा पार पलीकडच्या टोकाला गेला तर मीटर ठीक आहे, सेंडर गेला. आमचा काटा गेला टोकाला. म्हणून नव्या सेंडरची मागणी पाठवली. दीड वर्ष झालं होतं. तोवर ड्रायव्हर बॉनेटवर हात ठेवून ताप बघायचा, आई पोराचा बघते तसा. ऑइल आणि बॅटरीचे काटे मनात आलं तर हलत. चालू असा एकच, डिझेलचा. पाचांत तेवढा एक शहाणा, असं आम्ही समजत होतो.

गाडीचा ड्रायव्हर नाईक वासुदेव इंगळे. राहणारा सोनाळ्याचाच. ज्या शाळेत आम्ही उतरलो होतो, त्याच शाळेत तो चौथीपर्यंत शिकला होता. त्याचे वडील रोज सकाळी सातला भाकरी आणि ठेच्याचं बोचकं घेऊन फाटकाशी येत. फक्त पोरासाठी नाही, सगळ्या सेक्शनसाठी.

वासुदेवजवळ कडुलिंबाची एक काठी होती. तिच्यावर त्यानं चाकूनं खाचा पाडल्या होत्या. टाकीचं झाकण उघडायचं, काठी बुडवायची, कितव्या खाचेपर्यंत ओली झाली ते बघायचं. सरकारी डिपस्टिक माझ्याआधीच्या मेकॅनिकच्या काळात हरवली होती. तिचीही मागणी गेलेली होती.

तुकडीचे प्रमुख जेसीओ सुभेदार जाधव. साताऱ्याकडचे. सव्वीस वर्षं नोकरी. माणूस सरळ, पण लेजरमध्ये नोंद नसलेली, म्हणजे फौजेच्या भाषेत ऑन चार्ज नसलेली वस्तू त्यांना डोळ्यांनी दिसत नसे.

पहिले दोन दिवस रुटीन. पाचला उठणं, सहाला गाड्यांची तपासणी, मग पाण्याचे कॅन आणि रेशन वस्त्यांवर पोचवणं. तिसऱ्या दिवशी सुभेदार साहेब संध्याकाळी पाचला तीन टनीत बसून परत आले. पाऊस होता, लाइट लागलेले होते. उतरताना त्यांनी डिझेलचा काटा बघितला. अर्ध्यावर. सकाळी टाकी फुल होती आणि गाडी जेमतेम वीस किलोमीटर फिरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यांनी पुन्हा बघितलं. काटा जवळजवळ फुलवर.

त्यांनी मला बोलावलं. "बी.ए., गेज तपास आणि लिहून दे."

मी आठ वाजता तपासलं. ऊन पडलं होतं. चावी लावली, काटा वर. काठी बुडवली, तीही तेच म्हणाली. मी कागदावर लिहिलं, "फ्युएल गेज सर्व्हिसेबल," म्हणजे काटा ठीक. खाली सही, सहीखाली बी.ए.

त्या दिवशी संध्याकाळी काटा परत अर्ध्यावर आला.

पाचव्या दिवशी सकाळी फाटकाशी, सगळ्यांदेखत, सुभेदार साहेबांनी वासुदेवला विचारलं.

"इंगळे, डिझेल कुठं जातंय?"

"कुठंच नाही, साहेब. टाकीत आहे."

"संध्याकाळी अर्धी, सकाळी फुल?"

"साहेब, काठी..."

"काठी ऑन चार्ज आहे का?"

"नाही, साहेब."

"गेज ऑन चार्ज आहे. आणि गेज ठीक आहे, हवालदारानं लिहून दिलंय. कालच्या कॅनमध्ये पाणीच होतं ना?"

वासुदेवनं मान वळवली. शेजारी त्याचे वडील बोचकं घेऊन उभे होते. फाटकाबाहेर दहा-बारा गावकरी.

साहेबांचा हिशोब असा होता, की हा दिवसा डिझेल काढतो आणि घाबरून रात्री परत भरतो. असा चोर मी तरी कुठं पाहिला नव्हता. पण त्या वेळी मी हे बोललो नाही. माझी सही होती.

"उद्या नऊला मेजर साहेब येतायत. त्यांच्यासमोर हजर व्हायचं. तोवर गाडीत मी सोबत राहीन," सुभेदार साहेब म्हणाले.

त्या दिवशी ठेच्याला कोणी हात लावला नाही. वासुदेव टायरची हवा बघत होता. मी जवळ गेलो. आम्ही दोघंच असलो की घरची भाषा निघायची.

"भाऊ, तुमी लिहून देलं ना गेज बराबर हाय म्हून?"

"हाव."

"मंग मी चोरच झालो ना."

"तसं नाही रे."

"कसं नाही? तुमी बी.ए. हा. तुमचं लिहेलं खोटं कसं होईन? दुसऱ्या गावात म्हनले असते तं मले काही वाटलं नसतं, भाऊ. इथं माह्या बापाले उद्या पारावर बसा लागते."

दुपारी 1410 ला रेडिओ बोलला.

"अल्फा, कंट्रोल. नाल्यापलीकडं वस्तीवर एकोणीस माणसं. पाणी वाढतंय. तीन टनी पाठवा. ओव्हर."

"कंट्रोल, अल्फा. रॉजर. निघतो. ओव्हर."

1420 ला निघालो. पुढं वासुदेव आणि सुभेदार साहेब, मागं मी आणि चार जवान. पाऊस, म्हणून लाइट लागलेले. 1445 ला नाल्याच्या फरशी पुलाशी पोचलो. पुलावर घोट्याइतकं पाणी. पलीकडच्या काठावर ती एकोणीस माणसं. अलीकडच्या काठावर पूर बघायला आलेलं निम्मं सोनाळा, आणि त्यात छत्री धरून वासुदेवचे वडील.

वासुदेवनं उजवीकडचा इंडिकेटर दिला आणि ब्रेक दाबला. आत काय झालं ते मला नंतर कळलं. साहेबांनी काटा बघितला, तो पावच्याही खाली. ते म्हणाले, "थांब." वासुदेवनं ब्रेक आणखी दाबला. काटा आणखी उतरला. ते म्हणाले, "अरं, थांब म्हटलं." त्यानं पूर्ण दाबला. काटा रिकाम्याला टेकला. हुकूम जितका मानावा तितकं डिझेल कमी होत होतं.

"पुलावर मध्येच इंजिन बंद पडलं तर?" साहेब खाली उतरून म्हणाले. "अशी गाडी मी पाण्यात घालणार नाही."

ते चूक नव्हते. काटा खरा असता तर मीही तेच म्हणालो असतो.

"टाकी पाऊण भरलेली आहे, साहेब," वासुदेव म्हणाला. काठी त्यानं हातातच घेतली होती. टोकाकडून पाऊण ओली.

"पावसात सगळ्याच काठ्या ओल्या असतात."

पलीकडून एक म्हातारी ओरडली, "काऊन थांबले बे पोट्टेहो? आमी काय इथंच राह्यतो?"

मी केबिनमध्ये डोकं घातलं. इंडिकेटर चालूच राहिला होता. टिक, टिक, टिक. आणि डिझेलचा काटा त्या तालावर मान हलवत होता. टिकला खाली, पुन्हा वर. डिझेल असं नाचत नसतं.

"वासुदेव, इंडिकेटर बंद कर."

काटा थांबला, थोडा वर आला.

"ब्रेकवरचा पाय काढ." आणखी वर.

"लाइट बंद." काटा उठला आणि पाऊणच्या जरा खाली जाऊन बसला.

सुभेदार साहेब माझ्या खांद्यावरून बघत होते. "लाइट घालवल्यावर डिझेल वाढलं?"

"हो, साहेब."

"परत लाव."

लाइट लागले, डिझेल घटलं. साहेबांनी हे तीनदा करून घेतलं. काठावरची पोरं मोजायला लागली होती.

मला तेवढ्यात उमगलं. टाकीत डिझेलवर तरंगून काट्याला पातळी कळवणाऱ्या फ्लोटची अर्थची वायर आणि मागच्या दिव्यांची अर्थची वायर मागं चेसिसवर एकाच बोल्टला येतात. तो बोल्ट लोखंडाला नीट चिकटला नसेल, तर दिवे लागताच करंटला परत जायला वाट पुरत नाही, दिवे मिणमिणतात आणि काटा पडतो. ब्रेकचा स्विचही घासलेला, पाय दाबावा तसा जास्त करंट सोडणारा. मी पिशवीतून एक लांब वायर काढली. एक टोक टाकीच्या फ्लोटला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. काटा पाऊणवर गेला आणि लाइट, ब्रेक, इंडिकेटर काहीही दिलं तरी तिथून हलला नाही.

मग मी चिखलात पाठीवर झोपून गाडीखाली गेलो. बोल्ट काढला. वायरच्या कडीखाली चेसिसवर काळा रंग होता. गुळगुळीत, चकचकीत, दोन हात दिलेला.

तो रंग माझा होता.

जुलैमध्ये इन्स्पेक्शन होतं. फौजेत इन्स्पेक्शन आलं की जे हलत नाही ते रंगवतात. मी एक पाऊल पुढं गेलो होतो. चेसिससुद्धा रंगवलं, तेही सगळ्या वायरी काढून, त्यांच्या खालीही रंगाविना जागा राहू नये म्हणून. इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांनी खाली वाकून बघितलं होतं आणि म्हणाले होते, असं काम शिकलेला माणूसच करतो. ते वाक्य मी घरी पत्रात कळवलं होतं.

चाकूनं मी तो रंग खरवडला. रुपयाएवढी जागा, लोखंड पांढरं दिसेपर्यंत. बोल्ट आवळला. चार मिनिटं लागली. गाडीखाली पडून राहण्याचा मोह झाला, पण म्हातारी पुन्हा ओरडत होती.

बाहेर येऊन सावधान झालो. "साहेब, गेज ठीक नव्हतं. मी दिवसा तपासलं, लाइट न लावता. अर्थच्या बोल्टखाली रंग होता. रंग मी दिला होता."

साहेबांनी वाकून बोल्टकडं बघितलं. "किती हात?"

"दोन, साहेब."

"चांगला बसला होता," ते म्हणाले. मग वासुदेवकडं न बघता, "इंगळे, घे गाडी."

1502 ला गाडी पाण्यात गेली. 1520 ला परत आली.

"कंट्रोल, अल्फा. एकोणीस माणसं, एक शेळी. सर्व सुखरूप. ओव्हर."

"अल्फा, शेळी कशी? यादीत नाही. ओव्हर."

"कंट्रोल, अल्फा. शेळी ऑन चार्ज नाही. मालकीणबाई सोडत नाहीत. ओव्हर."

सॉरी हा शब्द सुभेदार साहेबांनी उच्चारला नाही. पण संध्याकाळी ते शाळेच्या ओट्यावर, सगळ्या गावासमोर, वासुदेवच्या वडिलांशेजारी मांडी घालून बसले आणि सकाळचं बोचकं मागून घेतलं. दुसऱ्याच घासाला त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"काऊन सायेब, साताऱ्यात मिरची नाही व्हत काय?" म्हातारबानं विचारलं.

"होती बाबा. एवढी नाही," साहेब म्हणाले आणि अख्खी भाकरी संपवली.

दुसऱ्या दिवशी नऊला मेजर साहेबांसमोर वासुदेव नाही, मी हजर झालो. रिपोर्ट मीच लिहिला, एक पान. बिघाडाचं कारण या रकान्यात लिहिलं, "व्हेइकल मेकॅनिकचा निष्काळजीपणा." खाली सही. बी.ए. गाळावं असं मनात आलं होतं. मग लिहिलं. चुकीच्या कागदावर लिहिलं होतं, तर बरोबर कागदावरही लिहायला हवं. मला शिक्षा अशी झाली, की युनिटमध्ये परतल्यावर सगळ्या गाड्यांचे अर्थचे बोल्ट एकट्यानं उघडून खरवडायचे. महिना लागला. आणि सुभेदार साहेबांनी लेजरमध्ये एक नोंद केली: डिपस्टिक, कडुलिंब, नग एक.

दोन वर्षांनी युनिट उत्तरेत होतं. मी बेसवर, वासुदेव कॉन्व्हॉयमध्ये. सकाळी साडेआठच्या सुमारास डोंगरातला रस्ता त्याच्या गाडीखालून सुटला आणि गाडी दरीत गेली. गाडीत तो एकटाच होता. त्याच्या मागच्या गाडीत अकरा जवान. धुकं होतं, पुढचा रस्ता दिसत नव्हता. मागच्या गाडीच्या ड्रायव्हरनं जबानीत एवढंच सांगितलं की पुढच्या गाडीचे ब्रेक लाइट लागलेले दिसले, लख्ख, म्हणून मी जागच्या जागी थांबलो. ते वाक्य मी ऑफिसात दोनदा वाचलं. नंतर वाचलं नाही.

मी आता पेन्शनवर आहे. धामणगावात गॅरेज आहे. मागच्या पोळ्याआधी सोनाळ्याहून वासुदेवचे वडील त्यांचा जुना ट्रॅक्टर घेऊन आले. काटे बंद होते, रंग उडाला होता. काटे सुरू केले. रंगही मीच दिला, दोन हात.

म्हातारबा ट्रॅक्टरभोवती हात फिरवत हिंडले. मागं बोल्टशी रुपयाएवढं पांढरं लोखंड उघडं होतं. तिथं त्यांचं बोट थांबलं.

"हे रंगवाचं राह्यलं काय, बी.ए.?"

"नाही, बाबा. हे ठेवलं हाय."

त्यांचं बोट बराच वेळ तिथंच होतं.