मशीन लावून बसलो तो दिवस

डॉक्टरांनी माझ्या छातीला चोवीस तासांसाठी मशीन लावून दिलं आणि मी ते चोवीस तास पलंगावर मांडी घालून काढले.

बुलढाण्याजवळ धाड गावात माझं दुकान आहे, विहिरीवरच्या पंपाच्या जळालेल्या मोटारींत तार पुन्हा भरून द्यायचं. शेजारी वेल्डिंगवाले चाचा. आम्ही दोघंही सत्तरीजवळ. ते अलीकडे, मी पलीकडे. त्या दिवशी बायकोला तिच्या बहिणीकडून मोटरसायकलवर आणलं, दुकानामागच्या घरी उतरवलं, दुकानात स्टुलावर बसलो आणि चाचांना काहीतरी सांगायला लागलो. मग एकदम चाचांची दाढी माझ्या तोंडावर. मी जमिनीवर आडवा.

"मिस्तरी, तुम्ही तं बोलता बोलताच गेले हो!"

"गेलो नाही, हाये. उपास आहे आज."

तोवर बायको धावत आली होती. "कायचा उपास? बहिणीकडं तीन पुरणपोळ्या हाणल्या यायनं."

चाचा हसले. ती हसली नाही. तिनं बाहेर उभ्या मोटरसायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तेव्हा माझ्याही डोक्यात आलं. थोड्या वेळापूर्वी ती माझ्या मागे बसली होती आणि समोरून ट्रक येत होते.

बुलढाण्याला डॉक्टरांकडे चाचाही सोबत आले. बरं झालं, कारण डॉक्टरांनी मला बाजूला ठेवून त्यांनाच विचारलं. घाम आला होता का, हातपाय झाडले का, शुद्धीवर आल्यावर माणसं ओळखली का.

"काही नाही साहेब. लाइट गेल्यावानी गेले. अन् उठल्या उठल्या खोटं बोलाले लागले."

डॉक्टरांनी माझ्या गोळ्या पाहिल्या. निजवून बीपी घेतलं, उभं करून घेतलं. ईसीजी काढला. सगळं ठीक. मी शर्टाची बटणं लावायला लागलो.

"थांबा," ते म्हणाले. "ईसीजी म्हणजे तेवढ्या वेळेपुरता फोटो. या वयात काही इशारा न देता माणूस पडतो, तेव्हा हृदय मध्येच थांबतं का ते पाहावं लागतं. हे मशीन लावतो. रोज करता ते सगळं करा. फक्त आंघोळ नको आणि मोटरसायकल नको."

मी यातलं 'थांबतं' एवढंच ऐकलं. बाकी मनात ठरवून टाकलं की ही परीक्षा आहे, आणि नापास झालो तर छाती कापतील. मग काय, पलंगावर बैठक मारली. श्वास हळू. जेवायला बिनतिखटाचा वरणभात. टीव्हीवरच्या बातम्याही लावू दिल्या नाहीत, उगाच ठोके वाढतील म्हणून.

"काऊन असे बसून राह्यले?" बायकोनं विचारलं.

मी छातीकडे बोट दाखवलं आणि कुजबुजलो, "चालू आहे."

रिपोर्ट स्वच्छ आला. मी बापाला निकाल दाखवणाऱ्या पोरासारखा डॉक्टरांसमोर बसलो.

"काल काय काय केलं?"

"रोजचंच, साहेब."

"खोटं नका बोलू," बायको म्हणाली. "दिवसभर गणपतीवानी बसले होते. मोदक तेवढा नव्हता हातात."

डॉक्टर हसले नाहीत. मशीन पुन्हा लागलं, आणि या वेळी तीन दिवसांसाठी. परत आल्यावर चाचांना कळलं, तर ते हातातली वेल्डिंगची कांडी टाकून उभेच राहिले.

"मिस्तरी, मोटार दुकानात फिरते अन् विहिरीवर बंद पडते म्हणून कोणी आला, तं तुम्ही काय म्हणता त्याले?"

मी काय म्हणतो ते अख्ख्या धाडला पाठ आहे: 'रिकामी फिरवून काय समजते बे? लोड देऊन पाहा.'

बायको दुकानात येऊन बसायला लागली. माझ्या स्टुलाभोवती तिनं पोती अंथरली. मी काम करायचो, ती माझ्याकडे बघत तांदूळ निवडायची. मी जरा गप्प झालो की विचारायची, "हाये ना?"

"हाये."

गिऱ्हाइकं हसायची. मीही हसायचो, पण तारेचे वेढे मोजताना आकडा चुकायचा. तिनं विचारलं की आधी मीच कान देऊन ऐकायचो, की आता उत्तर येतं का नाही.

शेवटच्या दिवशी एका मोटारीचं झाकण काढत होतो. मागून आलं, "हाये ना?" ऐकू आलं. उत्तर द्यायला तोंडही उघडलं. पुढचं मला नाकात गेलेल्या पोत्याच्या वासावरून समजलं. वर बायकोचा चेहरा होता आणि तांदूळ सगळीकडे सांडले होते.

डॉक्टरांनी कागद समोर ठेवला. बारीक बारीक डोंगर, मग एक सरळ कोरी रेघ, मग पुन्हा डोंगर. बायकोनं त्या रेघेवर बोट ठेवलं.

"इथं हे नव्हते?"

"इथे हृदय थांबलं होतं," डॉक्टर म्हणाले. "पेसमेकर बसवावा लागेल. उशीर नको."

तिनं बोट उचललं नाही. मी विचारलं, "मग मोटरसायकल चालवता येईल ना, साहेब?"

"बसवल्यावर तपासू, मग मी सांगेन तेव्हा."

म्हणजे नाही म्हणाले नव्हते. मी मोठ्या आशेनं बायकोकडे वळलो.

"मशीन छातीत बसवून राह्यले," ती म्हणाली, "डोक्यात नाही. बहिणीकडून मी एसटीनंच येईन."