तांदळाच्या दाण्याएवढी चीर

समजा, तुम्ही सिएम रीपमधल्या आमच्या गेस्ट हाऊसच्या काउंटरवर उभे आहात. बिल झालंय साडेबहात्तर डॉलर आणि तुम्ही शंभराची नोट पुढे करताय. सुट्टे लगेच मिळतील अशी आशा ठेवू नका. आधी काउंटर सांभाळणारी थिआवीताई नोट उजेडात धरणार, चारही कडांवरून नख फिरवणार, मग सत्तावीस डॉलर मोजून देणार आणि उरलेल्या अर्ध्या डॉलरचे आमच्या देशाच्या चलनात दोन हजार रिएल. रिएलची नोट चुरगळलेली, चिकटपट्टी लावलेली असेल. तक्रार करायची नाही. घरच्या नोटेला कोण नावं ठेवतं? डॉलर मात्र जावयासारखा पारखून घ्यायचा असतो; जरा फाटका निघाला, तरी इथे त्याची पूर्ण किंमत कुणी देत नाही.

अकरा वर्षांत ताईच्या नखाखालून एकही फाटका डॉलर सुटला नव्हता. या एप्रिलमध्ये सुटला. वीज गेलेली, सहा पाहुण्यांचं विमान चुकायला आलेलं, सगळे एकदम काउंटरवर. वीज आली तेव्हा एका शंभराच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढी चीर दिसली. पाहुणे तोवर विमानतळावर पोहोचले होते. मालकीणबाईंचा नियम साधा: ज्यानं फाटकी घेतली, नोट त्याची. म्हणजे दोनशे चाळीस डॉलरच्या पगारातले शंभर गेले.

"चल माझ्याबरोबर बाजारात," ताई मला म्हणाली. मी गेस्ट हाऊसचा संगणक सांभाळतो. "तुला आकडेमोड येते. मला नुसतं रडू येतंय."

बाजारात पैसे बदलून देणाऱ्या मावशीनं नोट दोन्ही हातांनी ताणून पाहिली. "नव्वद देईन."

"मावशी, दाण्याएवढ्या चिरेचे दहा डॉलर?"

"दाणा मोठा आहे, बाई."

शेजारच्या दुकानात पंच्याऐंशी, कारण मावशीच्या ताणण्यानं चीर वाढली होती. तिसऱ्या दुकानात ऐंशी.

"अहो, तुम्ही बघताय की फाडताय?" ताई ओरडली.

"बघितल्याशिवाय भाव कसा सांगू?" दुकानदार शांतपणे म्हणाला.

मी तिथेच उभ्यानं मोबाइलवर आलेख काढला. "ताई, याच वेगानं आणखी सोळा दुकानं फिरलो, की नोट फुकट द्यावी लागेल."

"आणि सतराव्या दुकानात?"

"त्याला वर पाच डॉलर द्यायचे."

"तुझ्या शिक्षणाला काय करायचंय मला! घरी चल."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच नंबरच्या खोलीतले वॉल्टर निघाले. निवृत्त माणूस, अमेरिकेला परत चाललेला. त्यांचं बिल आधीच भरून झालं होतं. ताईनं नोट काउंटरवर ठेवली आणि चिरेवर स्वतःच बोट ठेवलं. "साहेब, ही फाटकी आहे. तुमच्या देशात हिचे किती मिळतील?"

"शंभर," वॉल्टर म्हणाले.

"नीट बघा ना."

"बघितलं की. शंभरच."

त्यांनी पाकिटातून एक कोरी नोट काढून पुढे केली आणि फाटकी उचलली. ताईनं कोरी नोट उजेडात धरली. चारही कडा पाहिल्या. वॉल्टर बिचारे सामान धरून उभे होते.

"चालेल," ताई म्हणाली. मग तिनं वाकून नमस्कार केला, तो मात्र मनापासून.

पगार वाचला. मला वाटलं, आता ती मिठाई मागवेल. पण दुपारी जेवताना तिनं मासा नुसताच चिवडला.

"पोरा, इथे ती नोट ऐंशीची. तिकडे शंभरची. बरोबर?"

"बरोबर."

"किंमत नेमकी कुठे वाढते? विमान सुटल्यावर? ढगात?"

"तिकडे उतरल्यावर वाढत असेल, ताई."

"बरं. आणि विमानातच त्यांना भूक लागली आणि त्यांनी ती नोट देऊन जेवण मागितलं, तर सुट्टे किती परत द्यायचे?"